बॅटरीचं पवित्र पाणी

प्रिय बस्त्याव,

शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, पत्र का लिहितो आहोत ते पहिल्या दोन ओळींतच सांगून टाकावं, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवू नये. म्हणून सांगते. तुझी बॅटरी कशी मेली ते मला आज सकाळी कळलं, आणि तुझ्याशिवाय कोणाला ते सांगायची माझी छाती होत नाही. दुसरं म्हणजे, तांडेल मरायला टेकलाय.

कालपासून मनवेलपाड्यात वीज नाही. नेहमीचं लोडशेडिंग नव्हे. लोडशेडिंगची निदान वेळ ठरलेली असते, शिव्या देत का होईना माणूस वाट बघतो. काल दुपारी वारा सुटला आणि कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून गेला. तो कधी बदलतील ते कोणालाच माहीत नाही. वर आभाळ असं गच्च, की तुझं गच्चीवरचं सोलर पॅनल नुसतं भिजत पडलंय. हवेचा पंप बंद. टाकीत एक बुडबुडा नाही.

मी आणि आय पाळी लावून बसलो आहोत. तांब्याने टाकीतलंच पाणी काढायचं आणि हात उंच करून परत टाकीत सोडायचं, म्हणजे पडता पडता त्यात थोडी हवा मिसळते. काल संध्याकाळपासून हेच चाललंय. तुझ्या आईचं वय काय, आणि ती काय करतेय बघ! आत्ता तिची पाळी आहे म्हणून मला पेन धरता येतंय. माझी आली की मध्येच उठेन. राग मानू नकोस.

तांडेल! कसलं नाव दिलंस रे माशाला! पाचूबंदरात ज्याच्या नुसत्या हाताच्या खुणेवर अख्खी नाव वळायची, त्या तुझ्या बाबांचा हुद्दा तू एका नारिंगी गोल्डफिशला देऊन टाकलास. बाकीचे मासे त्याचे खलाशी. टाकी घरी आणलीस त्या दिवशी आय दारातच उभी राहिली. जन्मभर मासळीची पाटी डोक्यावरून वाहिलेली बाई. तिने काचेत बघितलं, मग तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढा घोडा झाला तरी याला कलत नाय. मासा खायाचा असतो रे, पालायचा नाय."

तू म्हणालास, आपल्या घराण्याने आजवर इतके मासे मारले, थोडे जगवूया की.

"अलनी पान्यात?" तिने विचारलं. "मिठाशिवाय मासा जगंल?"

पण जगले. एकदा त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके आले तेव्हा तू खडेमीठ विरघळवून टाकीत घातलंस आणि ठिपके गेले. तेव्हा आयचा तोरा काय वर्णावा! जिन्यात भेटेल त्याला सांगत होती, मिठानेच बरे झाले, मी आधीच बोलले होते. ते मीठ लक्षात ठेव, बस्त्याव. मला पुन्हा तिथे यायचं आहे.

आणि हीच आय पुढे पुढे पापलेट कापायला बसली की विळी फिरवून टाकीकडे पाठ करायची. मी हसले तर मला म्हणाली, त्यानला कशाला दाखवायचं? विंग्रजी शिकलीस, पण तुला एवढी समज नाय.

मग ते लोडशेडिंगचे उन्हाळे आले. एका दुपारी आपण वसईला लग्नाला गेलो होतो. परत आलो तर खलाशी पोटं वर करून तरंगत होते. एकटा तांडेल पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होता. तू अंगातला लग्नाचा कोट न काढता तिथे गुडघ्यांवर बसलास आणि हाताने पाणी ढवळत राहिलास. कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. मी म्हटलं, मासेच तर आहेत. तू माझ्याकडे मान वळवून बघितलंस.  बोलला असतास तर बरं झालं असतं.

नवे खलाशी आणलेस, पण या वेळी त्यांची सोय करायचीच म्हणून हट्टाला पेटलास. गोखिवऱ्याला तुझ्या वर्कशॉपशेजारचा कारखाना बंद पडला, त्याच्या भंगारातून तू ते पॅनल उचलून आणलंस. कोपऱ्यात काचेला तडा गेलेला. लोकांच्या जळलेल्या विजेच्या मोटरांचं वाइंडिंग करण्यात तुझा जन्म गेला. आता तू माशांच्या पंपासाठी पेरूएवढी मोटर हाताने बनवलीस, बॅटरीवर चालणारी. गच्चीवरून वायर खाली आणलीस, दिवसा सूर्य बॅटरी भरणार आणि वीज गेली की बॅटरी पंप चालवणार.

आणि चालला की तो! अख्खी बिल्डिंग घामाने निथळत असायची आणि आपल्या घरात माशांचा पंप गुरगुरत असायचा. खालच्या सावंतबाई जिन्यात मला गाठून विचारायच्या, काय हो, तुमच्याकडे पुढच्या जन्मी मासा म्हणून यायचं तर अर्ज कुठे करायचा? मी तुला कितीदा म्हटलं, एक छोटासा पंखा लाव ना माझ्यासाठी त्याच बॅटरीवर. तू म्हणायचास, "फिलू, तुला घाम येतो. त्यांना घामही येत नाही, ते सरळ मरतात."  मला अजून त्या वाक्याचा राग येतो. आज तर जास्तच येतो, कारण ते खरं आहे.

तुला जवळा आठवतो? पंप मंद झाला होता, बॅटरी भरत नव्हती, तू दोन दिवस वायरी तपासत होतास. शेवटी गच्चीवर गेलास आणि ओंजळभर सुकलेला जवळा घेऊन खाली आलास. आयने सगळ्या पॅनलभर पसरून ठेवला होता. तू ओंजळ तिच्यापुढे धरून म्हणालास, "आय, मासे जगवायच्या यंत्रावर मासे सुकवतेस?"

"मंग?" ती म्हणाली. "तापतं चांगलं. रिकामंच पडलंय."

त्या संध्याकाळी आपण तो जवळा कांद्यावर परतून खाल्ला आणि तू कबूल केलंस की इतका कुरकुरीत याआधी कधी झाला नव्हता.

त्याच दिवशी तू आयला बॅटरीची राखणदार नेमलंस. म्हणजे गच्चीवर पुन्हा काही वाळत घालू नये म्हणून तिला कामात गुंतवलंस, हो ना? मदर मेरीच्या आल्तारशेजारी टाकी, टाकीखाली बॅटरी आणि समोर आयची खुर्ची. लोडशेडिंगमध्ये टाकीवरचा तो छोटा दिवा तेवढा लागायचा, म्हणून ती रोझरीही तिथेच बसून म्हणायची. तू तिला बॅटरीच्या अंगावरची लाल रेघ दाखवलीस. पाणी तिच्याखाली जाता कामा नये, गेलं की मला सांग. तिने विचारलं, मंग तांब्याभर घालू?

"नाही आय! नळाचं पाणी तिला चालत नाही," तू म्हणालास. "बॅटरीला पवित्र पाणी लागतं."

तू हसलास, मी हसले. मग आपल्या घरात तो शब्दच रुळून गेला. डिस्टिल्ड वॉटर कोणी म्हणेना. स्टेशनवर जातोयस तर पवित्र पाणी आण, पवित्र पाणी संपत आलंय.

त्या दिवशी आय हसली नव्हती. तिने मान डोलावली होती. हे मला आज आठवतंय.

थांब, आय हाक मारतेय. माझी पाळी.

*

आले. आणखी एक खलाशी गेला. आयने त्याला तळहातावर घेतलं आणि कुठे ठेवावं ते तिला सुचेना. जिने हजारो मासे तराजूत टाकले, ती एका बोटभर माशाला हातात घेऊन घरभर फिरत होती. शेवटी तुळशीच्या कुंडीत पुरला, सावंतबाईंच्या. त्यांनी स्वतः माती सारून दिली.

मला तुला दवाखान्यातलं एक विचारायचं आहे. तुझ्या पलंगाजवळच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरला ती पाण्याची बाटली होती, ज्यातून बुडबुडे येत होते. तू सारखा तिकडे बघायचास. तोंडावर मास्क, बोलवत नव्हतं, तरी मास्क बाजूला करून तू मला म्हणालास, "आपला पंप चाललाय बघ." मी तुला गप्प केलं. मास्क काढू नको म्हणून दटावलं. तू थट्टा करत होतास, की मला काही सांगत होतास? घरी जाऊन टाकीकडे बघ, असं? त्यानंतर तू काही बोललाच नाहीस, म्हणून मी त्या तीन-चार शब्दांना किती वेळा उलटून बघितलंय ते तुला काय सांगू.

मी तुझा चेहरा बघत नव्हते, बस्त्याव. मी बुडबुडे बघत होते. मला वाटत होतं की जोवर ते येताहेत तोवर तू आहेस. मग नर्स आली, तिने तुझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने सिलिंडरची चावी फिरवली. एक बुडबुडा अर्ध्यावर आला आणि फुटला. मग ती बाटली नुसती पाण्याची बाटली झाली.

घरी आले तर तुझा पंप गुरगुरत होता. लोक जमले होते, फादर आले होते, रोझरी चालू होती आणि मधे मधे तो आवाज. कोणीतरी म्हणालं, बंद करा तो. आय म्हणाली, हात नाय लावायचा. बिल्डिंगमधल्या सगळ्यांसमोर असं म्हणाली. त्या रात्रीपासून मी त्या आवाजाच्या आधाराने झोपतेय. चेष्टा करू नकोस.

आता सकाळचं सांगते. पावसाळा लागल्यापासून बॅटरी दम टाकत होती, आणि काल वीज गेल्यावर पंप घटकाभर चालून थांबला तो थांबलाच. सकाळी मी बॅटरी रिक्षात घालून विरार स्टेशनजवळच्या बॅटरीवाल्याकडे नेली. त्याने झाकणं उघडली, आत बघितलं, नाक लावलं आणि मला विचारलं, "बाई, समुद्रात बुडवली होती काय?" मी म्हटलं, ती घराबाहेर पडतच नाही. तो म्हणाला, आत मीठ गेलंय, प्लेटा खाऊन टाकल्यात, आता ही भंगारात द्या. नवी आहे का विचारलं तर आहे, पण ॲसिड भरून चार्ज करून द्यावी लागते, आणि कालच्या वाऱ्यापासून त्याच्याकडेही वीज नाही. त्याच्या दुकानात सगळ्या बॅटऱ्याच बॅटऱ्या, आणि तो मेणबत्ती लावून बसलेला!

मी तीच बॅटरी परत घेऊन आले. तुझी होती, भंगारात कशी टाकू? रिक्षावाल्याने वर आणून दिली, मी तिला तिच्या जागेवर ठेवलं. मनात म्हटलं, मीठ कुठून जाणार? आणि माझं लक्ष आल्तारवर गेलं. मदर मेरीच्या पायाशी आशीर्वादित पाण्याची बाटली असते, ती रिकामी होती. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधून तूच भरून आणली होतीस, काठोकाठ. फादर त्या पाण्यात मीठ घालून आशीर्वाद देतात, तुला ठाऊकच आहे.

मी आयला विचारलं, आल्तारवरचं पाणी कुठे गेलं?

ती तांब्या ओतत होती. थांबली नाही. "बॅटरीला घातलं," म्हणाली. "रेघेच्या खाली गेलेलं गो. तुझ्या त्या स्टेशनवरच्या बाटलीत थेंब नव्हता. बस्त्याव सांगून गेलाय ना, पवित्र पानी लागतं तिला."

 ती पुढे म्हणाली, "एकेका भोकात एक एक नमो मारिया बोलून घातलं. उगाच नाय घातलं."

मग तिने माझ्याकडे बघितलं. मोतीबिंदूने पांढुरके झालेले ते डोळे. "आता बरी होईल ना?"

मी म्हटलं, होईल.

आता सांग, मी काय करायचं होतं? तिच्या डोक्यात सगळं बरोबर होतं. मिठाने मासे बरे झाले ते तिने डोळ्यांनी बघितलं होतं, आणि पवित्र पाणी लागतं हे तिच्या मुलाने सांगितलं होतं. तू नेमून दिलेलं काम तिने तुझ्यामागे एक दिवस चुकवलं नाही. शुद्ध पाणी म्हण, बॅटरीचं पाणी म्हण, इतके शब्द असताना तुला तोच शब्द सापडावा? तुझ्या थट्टेला काही धरबंध होता का रे? तू जिवंत असतास तर आज मी तुझ्याशी कडकडून भांडले असते, आणि तू हसून हसून खाली बसला असतास, आणि मग मीही.

तिला कळलं की तिच्या हाताने बॅटरी मेली, तर ती हा तांब्या खाली ठेवेल आणि पुन्हा कशाला हात लावणार नाही. मुलगा गेला तेव्हा ती मोडली नाही. मला भीती वाटते की ती या बॅटरीने मोडेल.

*

दुपार उलटली. कुवेतहून लीनाचा फोन आला होता. मोबाईलचं चार्जिंग कालच संपलं, पण घरातला जुना तारेचा फोन चालतो. मी रडायचं नाही ठरवलं होतं, पण तिने आवाजावरून ओळखलं. म्हणाली, "मम्मी, मासे आहेत ते. मी आले की नवे आणू." तुझी लेक आहे, वाईट मनाची नाही. तिला काय ठाऊक की आम्ही दोघींनी इथे काय धरून ठेवलंय? मी तिला हो म्हटलं.

सावंतबाईंनी सांगितलं, एखाद्या बावखलात सोडून द्या, गावाकडे अजून तळी आहेत. त्या आता थट्टा करत नाहीत. त्यांनी थोडा वेळ तांब्याही धरला. पण खंड्या आणि बगळे त्या नारिंगी अंगावर कसे टपून बसतील हे आयने मला एका वाक्यात समजावलं. तिच्याइतकं ते कोणाला कळणार?

तांडेल वरच आहे. पाण्याला तोंड लावून उभा, कल्ले नुसते उडताहेत. मी तांब्या ओतला की जरा खाली जातो आणि परत वर येतो. प्रत्येक वेळी खाली कमी जातो. आमचे हात किती वेळ पुरतील? मी आल्तारपुढे उभी राहिले, पण देवाकडे एका माशासाठी काय मागायचं तेच मला शब्दात मांडता येईना. सिस्टरांनी प्रार्थना पुष्कळ शिकवल्या, त्यात ही नव्हती. मला एवढंच म्हणायचं होतं की बुडबुडे थांबलेले मी एकदा बघितले आहेत, पुन्हा नको. या घरात तरी नको.

तू मला काहीच शिकवलं नाहीस, बस्त्याव! माझी तक्रार आहे. मी विचारलं की म्हणायचास, मी आहे ना. लाल वायर लालला आणि काळी काळीला, एवढ्यावर मला गप्प बसवायचास. हे सगळं तू स्वतःपुरतं ठेवलंस आणि स्वतः निघून गेलास.

एकदाच तू मला गच्चीवर नेलं होतंस. पॅनल नुकतंच आणलं होतंस, अजून भिंतीला टेकवलेलंच होतं. बादलीत नळी सोडली होतीस. "फिलू, बघ," म्हणालास. पंप गुरगुरत होता आणि बादलीत बुडबुडे उसळत होते. तू पॅनलवर अंगातला शर्ट काढून टाकलास, बुडबुडे थांबले. शर्ट उचललास, सुरू झाले. परत टाकलास, थांबले. लहान मुलासारखं तुझं चाललं होतं. सावंतबाई कपडे वाळत घालत होत्या आणि उघडाबंब तुला बघून त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. तू मला म्हणालास, "सूर्य फुंकर घालतोय." मी म्हटलं, आधी शर्ट घाल. ऊन डोक्यावर होतं, गच्ची पायांना चटके देत होती, आणि तू बॅटरी

थांब.

तेव्हा बॅटरी कुठे होती? बॅटरी तर तू नंतर आणलीस. पुढच्या आठवड्यात, आयने कुरकूर केली होती जिन्याच्या पायऱ्यांना ओरखडे पडले म्हणून. त्या दिवशी गच्चीवर नुसतं पॅनल होतं आणि पंप होता. मधे काहीच नव्हतं.

बस्त्याव, मधे काहीच नव्हतं!

*

माझे हात काळे झालेत, कागदाला डाग लागलाय तो त्याचाच. पेन नीट धरवत नाहीये. तरी लिहिते.

बॅटरीजवळ चार वायरी मोकळ्या पडल्या होत्या. दोन वरून पॅनलच्या, दोन पंपाच्या. मी लाल लालला पिळली, काळी काळीला. काही झालं नाही. आय म्हणाली, काय करतेस गो? मी गच्चीवर गेले. पाऊस थांबला होता, आभाळ तसंच राखाडी. पॅनलवर पिंपळाची पानं चिकटलेली, कावळ्यांची घाण, काल वाऱ्याने आणून टाकलेली कोणाची तरी प्लास्टिकची पिशवी. मी पदराने पुसलं. पुसत गेले, रडत गेले आणि पुसत गेले. खाली विटा लावून त्याला जिथे आभाळ जरा पांढरं दिसत होतं तिकडे वळवलं. माझ्यात एवढी ताकद कुठून आली माहीत नाही.

आणि जिन्यातून आयचा आवाज आला. तिच्या मासळी विकायच्या दिवसांतला आवाज, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाणारा. "आला गो! फिलू! एक आला!"

मी धावत खाली आले. पंप गुरगुरत नव्हता, नुसता कण्हत होता. नळीच्या टोकाला लावलेल्या दगडातून एक बुडबुडा निघायचा, वर जायचा. मग काही नाही.  मग पुढचा. ढग जरा विरळ झाला की दोन-तीन लागोपाठ. दाटला की थांबतात, आणि आम्ही दोघी तांब्या उचलतो. मग पुन्हा सुरू.

तांडेल त्या बुडबुड्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलाय. अजून वरच आहे, पण तोंड पाण्याखाली आहे. वाचेल का ते मला सांगता येत नाही. खलाशी एकच उरलाय, तो त्याच्या मागे.

आय खुर्चीवर बसली. तिने टाकीखाली वाकून बघितलं. बॅटरी आपल्या जागेवर होती आणि वर बुडबुडे येत होते. ती बॅटरी कशालाच जोडलेली नाही हे तिला दिसत नाही. तिने बॅटरीवर हात फिरवला, तुझ्या कपाळावरून फिरवायची तसा, आणि मला म्हणाली, "बोललेले ना? लागलं पवित्र पानी."

मी म्हटलं, "हो आय. लागलं."

हे खोटं बोलणं कन्फेशनमध्ये सांगायचं का, ते तूच वर कोणाला तरी विचार. मला ते पाप वाटत नाही.

आता माझं वचन ऐक. वीज येईल तेव्हा येईल. मी नवी बॅटरी आणीन आणि तिची राखणदार आयच राहील. पण आल्तारवर मदर मेरीच्या उजवीकडे मी दुसरी एक बाटली ठेवीन, ती कधी रिकामी होऊ देणार नाही, आणि ती मी स्वतः स्टेशनजवळच्या दुकानातून भरून आणीन. आयला सांगेन, हे तुझ्या बस्त्यावने सांगितलेलं पाणी, बॅटरीला हेच घालायचं. ती एकेका भोकात नमो मारिया म्हणून घालेल. त्या पाण्याचं नाव बदलणार नाही. तू ठेवलंस तेच राहील.

आणि मास्क काढून तू मला जे म्हणालास ना, त्याचं उत्तर तेव्हा द्यायचं राहिलं. चाललाय रे. थांबत थांबत, पण चाललाय.

उजेड उतरायला लागलाय. बुडबुडे लांब लांब पडताहेत. आयने तांब्या भरून माझ्यापुढे ठेवलाय. माझी पाळी आली.

तुझी,
फिलू